आठवण नसलेली पट्टी

सुजाता, तुझ्या पट्ट्यांचा डबा परवापर्यंत आमच्या फ्रिजमध्येच होता, लोण्याच्या वाटीशेजारी. एक दिवस मिलिंदने तो श्रीखंडाचा समजून उघडला आणि उघडाच हातात धरून उभा राहिला. मी म्हटलं, "झाकण लाव, दमट होतील." त्याला वाटलं असेल, ही बाई दगडाची आहे. नणंदेला जाऊन महिना नाही झाला आणि हिला झाकणाची पडली आहे. पण उजेड लागू द्यायचा नाही, ओल लागू द्यायची नाही, हे तूच बजावून ठेवलं होतंस. सांगणारी गेली म्हणून सूचना रद्द होत नाहीत.

तुझ्या पुण्यानुमोदनाला कॉलनीचं समाजमंदिर भरलं होतं. वंदना झाली, मग माणसं एकेक करून बोलायला उठली. तुमच्या विभागप्रमुखांनी कधीही भरून न निघणारी पोकळी वगैरे सांगितलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, प्राध्यापक असून किती साधी होती. मी बोलले नाही. बोलले असते तर पहिलंच वाक्य असतं की सुजाता साधी नव्हती, अत्यंत हट्टी होती. आमचं एक भांडण अर्धवट टाकून ती गेली आणि मला त्याचा राग आलेला आहे. असं काही तिथे बोलत नाहीत, म्हणून मी मागे चहा ओतत बसले.

तुझी विद्यार्थिनी कविता मला तिथेच येऊन भेटली. रडून रडून डोळे सुजलेले, पण प्रश्न सरळ. "वहिनी, मॅडमच्या पट्ट्यांचं काय करायचं? सर म्हणतात, टेबल रिकामं करा, दुसऱ्यांना द्यायचंय. तुमच्या पॅकहाऊसमध्ये यंदा चाचणी झाली तर माझं काम पुढे जाईल. नाही तर इथंच थांबेल."

म्हणजे ठरवायचं मीच. इतकी वर्षं तू त्या द्रवस्फटिकांपाशी घालवलीस, त्यातून निघालेली ती बोटभर पट्टी द्राक्षाच्या पेटीवर लागणार की कॉलेजच्या कपाटात जाणार, ते तुझ्या भावजयीच्या हातात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वाटोळं झालं."

मला हे सगळं तू पहिल्यांदा समजावलंस ते आईंची वेणी घालता घालता. मी पॅकहाऊसवरून येऊन पाय पसरून बसले होते. तू म्हणालीस, "वहिनी, द्रवस्फटिक म्हणजे धड पाणी नाही, धड बर्फ नाही. वाहतं, पण आतले रेणू आपली दिशा सोडत नाहीत. आणि माझ्याकडचा प्रकार असा, की ही रांग सरळ जात नाही, पीळ घेत जाते. अशी." आणि आईंच्या केसांना पीळ दिलास. "थंडीत पीळ सैल असतो. ऊब लागली की घट्ट होत जातो. सैल पिळावरून लाल उजेड परत फिरतो. घट्ट झाला की हिरवा, अजून घट्ट झाला की निळा."

आई म्हणाल्या, "तुझा निळा उजेड राहू दे, माझे केस ओढू नको."

"आणि त्याहून थंड असेल तर?" मी विचारलं.

"मग रंगच नाही. मागचा काळा कागद दिसतो. फारच तापलं तरी पीळ सुटतो, पुन्हा काळं."

विषय मला तिथेच कळला, कारण माझं सगळं आयुष्य थंड आणि गरम यांच्यामध्ये गेलं आहे. शेतातून ऊन खाऊन आलेलं द्राक्ष चार अंशांच्या खाली नेलं नाही तर देठ तपकिरी होतो, मणी गळतो, आणि परदेशातलं गिऱ्हाईक पेटी उघडून तोंड वाकडं करतं. तापमान टिपणारी यंत्रं आहेत, पण कंटेनरमागे एखादंच. पेटीपेटीवर लावता येईल, लाइट लागणार नाही, बॅटरी लागणार नाही, नुसत्या डोळ्यांनी कळेल, असं काही आमच्याकडे नव्हतं. तू म्हणालीस, "करते." पुढे तू ते खरोखर केलंस.

मागच्या हंगामात पहिल्या चाचणीच्या दिवशी तू डोक्याला तुझी ती पांढरी ओढणी बांधून पॅकहाऊसमध्ये उभी होतीस. लताबाईंनी, म्हणजे आमच्या पॅकिंगच्या बायकांच्या म्होरक्यांनी, तासाभरात सगळ्या लाल पट्टीच्या पेट्या बाजूला काढून ठेवल्या.

"मॅडम, ह्या तापल्यात, लाल झाल्या. निळ्या एकदम गार हायेत, त्या आत ठेवल्या."

तू हसायला लागलीस. मला हसू येत नव्हतं, माझ्या चांगल्या पेट्या उन्हाच्या दारात पडल्या होत्या. मी ओरडले, "अहो, निळ्या तापलेल्या आहेत! लाल त्यातल्या त्यात गार!"

"आता ह्ये काय उलटं? आमच्या गिझरच्या नळाला बी लाल म्हंजी गरम."

"लताबाई, नळाचा रंग कंपनीने ठरवला," तू म्हणालीस. "हा कुणी ठरवलेला नाही, हा असाच आहे."

"मग ज्यानं ठरवला नाय त्याला म्हणाव, एकदा नळ बघून जा."

मी तुला सांगितलं होतं, वरून एखादी रंगीत काच लाव, काहीतरी कर, लोकांना सवयीचं दिसू दे. तू ऐकलं नाहीस. "माणसं शिकतात, वहिनी. तू त्यांना कमी समजतेस." दोन दिवसांत त्या बायका शिकल्या, हे मी मान्य करते. आता लताबाई नव्या पोरींना दम देतात, "निळं दिसलं का पळत सुटायचं."

पण भांडण याचं नव्हतं. भांडण झालं कंटेनरवरून.

तू हट्टाने एका कंटेनरमध्ये दाराजवळच्या पेट्यांवर पट्ट्या लावल्यास आणि बंदरावरच्या माणसाला फोटो पाठवायला सांगितलंस. फोटो आला. सगळ्या पट्ट्या काळ्याभोर. खाली त्याचा निरोप, "एकदम मस्त." तू मिलिंदला मिठाई आणायला पिटाळलंस. मिठाई यायच्या आत कंटेनरमधल्या यंत्राचा आलेख माझ्या हातात आला होता. घाटाच्या अलीकडे कूलिंग बंद पडलं होतं. बराच वेळ बंद होतं. मग कुणीतरी दुरुस्त केलं, माल परत थंड झाला आणि काळी पट्टी घेऊन बंदरावर पोचला.

"तुझी पट्टी खोटारडी आहे," मी म्हटलं.

"खोटी नाही. फोटो काढला तेव्हा माल थंडच होता."

"मला तेव्हाचं नकोय. वाटेत काय झालं ते हवंय."

"ते ती सांगत नाही. आत्ता काय आहे तेवढंच सांगते. तेही काही कमी नाही."

"माझ्या कामाला कमी आहे."

मिलिंद पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा होता. बहिणीला आधी द्यावा की बायकोला, हे त्याला कळेना. शेवटी त्याने स्वतःच एक खाल्ला.

त्या दिवसापासून मी तुझ्या मागे लागले, की एकदा तापली की डाग राहील अशी पट्टी कर. नंतर कितीही थंड केलं तरी निघणार नाही, असा डाग. तुला ते जमणार होतं. तूच म्हणालीस, पीळ एकदा सुटला की परत बसू द्यायचा नाही, अशी रचना करता येते. पण करणार नाही म्हणालीस.

"का?"

"कारण मार्चच्या उन्हात गाडी भरताना पेटी पाच मिनिटं दारात राहते. तेवढ्याने डाग पडला तर? आत द्राक्ष ठणठणीत आणि वर शिक्का. तिकडचा माणूस पेटी उघडूनसुद्धा बघणार नाही, परत पाठवेल."

"मग पाच मिनिटं दारात ठेवायची नाही. शिस्त लागेल."

"डाग पाडणं सोपं असतं, वहिनी. तो किती वेळचा होता, हे पुढे कुणी विचारत नाही."

तू हे द्राक्षांबद्दल बोलत नव्हतीस, हे मला समजलं. तुझं लग्न एक वर्षसुद्धा टिकलं नाही आणि त्याला किती काळ लोटला. तू शिकलीस, शिकवलंस, डॉक्टरेट मिळवलीस, तरी कॉलनीतल्या कुठल्याही लग्नात कुणीतरी कुणाला हळू आवाजात सांगायचंच, ती बघ, मिलिंदची बहीण, परत आलेली. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं का, ते माहीत नाही. मला तसलं बोलता येत नाही. मी उठून कुकर लावला. तूही मागोमाग आलीस आणि न विचारता कांदा चिरायला घेतलास. मला वाटतं, आपल्या दोघींचं त्या विषयावरचं बोलणं तेवढंच, आणि ते पुरेसं होतं.

पण पट्टीबद्दलचं बोलणं पुरेसं नव्हतं. ते वर्षभर चाललं. पोळी लाटताना, गाडीत, आईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या उशाशी दवाखान्यात. मी एकदा चिडून म्हटलं, "आठवण नसलेली पट्टी माझ्या कंटेनरमध्ये परत जाणार नाही." तू म्हणालीस, "आणि माफ न करणारी पट्टी माझ्या हातून होणार नाही." मिलिंद म्हणाला, "मला कुणी वरण वाढेल का?"

आता जे तुझ्याशी बोलायचं आहे ते बोलते. त्या शनिवारी कॉलेजच्या जिन्यात तू दोनदा थांबलीस. छातीवर हात ठेवून कठड्याला टेकलीस. कविताने विचारलं तर म्हणालीस, पित्त झालंय, आणि कँटीनमधून थंड दूध मागवून प्यायलीस. हे मला त्या पोरीकडून कळलं, तुझ्या पुण्यानुमोदनाचा चहा ओतताना. सोमवारी जेवताना मी तुला विचारलं होतं, "चेहरा का असा? बरं नाही का?" तू म्हणालीस, "आत्ता बरी आहे." मी वाढत राहिले. मंगळवारी सकाळी तू उठली नाहीस.

तू खोटं बोलली नाहीस. विचारलं तेव्हा बरी होतीस, हे मी समजू शकते. पण सुजाता, पन्नाशीच्या शिकलेल्या बाईला परवा छातीत दुखलं होतं, एवढं सांगता येतं. त्यासाठी कुणी तुला परत पाठवलं नसतं. उचलून दवाखान्यात नेलं असतं, एवढंच. मला सांगितलं असतंस तर मी आधी ओरडले असते, मग गाडी काढली असती. ओरडण्याला तू कधी घाबरलीस? हे मी तुला माफ करणार आहे, पण आत्ता नाही. सध्या मला रागच येतो. भांडी घासताना येतो, रस्त्यावर सिग्नलला थांबलं की येतो.

आणि राग येत असतानाच हेही आठवतं, की जानेवारी ते मार्च मी घरात नसल्यासारखीच असायचे. पहाटे माल उतरायचा, घरी यायला अंधार पडायचा. आईंचं पथ्य, औषधं, त्यांचं रुसणं, सगळं तू कॉलेज सांभाळून केलंस. तुझा स्वयंपाक भयंकर होता. मुळ्याची भाजी तू प्रयोगशाळेतल्यासारखी करायचीस, मोजून मापून आणि बेचव. पण हंगामातल्या एकाही दिवशी मी घरी येऊन स्वतः ताट वाढून घेतलं नाही. मी कधी आभार मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस. "वहिनी, डबा घासायला टाक," एवढं म्हणून खोलीत गेली असतीस.

तर पट्ट्या. मिलिंद म्हणाला, "यंदा लाव ना. तिच्यासाठी. तिचं नाव राहील."

मी म्हटलं, "नाव राहावं म्हणून पेटीवर काही लावत नाहीत. पेटीवर लावतात ते मालासाठी." वाईट वाटलं असेल त्याला. पण शेतकरी वर्षभर बाग सांभाळून माल माझ्या हवाली करतो, तो काही माझ्या नणंदेचं स्मारक बांधायला नाही. हे तुलाही पटलं असतं. दया म्हणून लावलेली पट्टी तू स्वतः ओरबाडून काढली असतीस.

कविताला नाही म्हणायचं, तर ते फोनवर नको म्हणून मी तिला पॅकहाऊसवर बोलावलं. हंगामाचा पहिला माल आला होता. डबा मीच घरून नेला होता, तिच्या हाती परत द्यायला. तिला सांगितलं, "कंटेनरमध्ये लावणार नाही. मागच्या वर्षी काय झालं तुला माहीत आहे."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तुझीच विद्यार्थिनी ती. म्हणाली, "ठीक आहे. पण वहिनी, आत्ता काय आहे, एवढंच कळून ज्याचा उपयोग होईल, अशी एकही जागा नाही का तुमच्याकडे?"

आगाऊ पोरगी, असं मनात आलं. पण जागा होती. आम्ही उभ्या होतो तिथेच, तिच्या पाठीमागे होती.

शेतातून आलेला माल आधी प्रीकूलिंगच्या खोलीत जातो. पेट्यांच्या दोन रांगा लावायच्या, वर ताडपत्री टाकायची, पुढे मोठा पंखा, म्हणजे थंड हवा पेट्यांच्या भोकांमधूनच ओढली जाते. तिथे मला मागचं काही विचारायचं नसतं. माल तापलेलाच आलेला असतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे प्रश्न एकच असतो, थंड झाला का? आणि तो सगळाच्या सगळा झाला का?

मी डबा उघडला. आम्ही दोघींनी पट्ट्या लावायला घेतल्या, भोकातून दिसतील अशा, आतल्या द्राक्षांच्या डब्यांना चिकटवून. वरच्या थरापासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लताबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आता हिकडं बी लावायच्या? गाडीतलं झेपलं नाय म्हणून?"

"बघू तर."

दुपार झाली. लताबाईंनी मण्यात थर्मामीटर टोचला आणि आवाज दिला, "झालं मॅडम, गार हाय. काढू का?"

मी रांगेपाशी गेले. वरचे थर काळे होते. मधले लालसर. आणि पंख्यापासून लांबच्या टोकाला, खालचे दोन थर हिरवे, कोपऱ्यात तर चक्क निळे.

"लताबाई, टोचली कुठली पेटी?"

"ही. नेहमीचीच. हाताला येती ती."

नेहमीची. हाताला येणारी. वाकावं लागत नाही ती. कविता खाली बसून कोपरा बघत होती. ताडपत्रीची कड त्या टोकाला आत दुमडली गेली होती आणि हवा मालातून जाण्याऐवजी तिथून सरळ निसटत होती. मी कड ओढून सारखी केली, वर दोन रिकामे क्रेट ठेवले.

मग आम्ही तिघी स्वेटर घालून तिथेच थांबलो. सुजाता, हे तू बघायला हवं होतंस. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं लाल. पंख्याकडच्या पेट्यांपासून एकेक पट्टी विझत विझत कोपऱ्याकडे निघाली. थंडी चालत जाताना दिसत होती. इतकी वर्षं मी थंडीचं काम करते, ती चालते कशी हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि तिथे मला मान्य करावं लागलं, की आत्ता काय आहे हे कळणं खरंच काही कमी नसतं. हे तू म्हणाली होतीस.

कंटेनरबद्दल मात्र मी मागे हटलेले नाही. थांबल्या थांबल्या कविताला सांगितलं, प्रीकूलिंगला रोज लावू, हंगामभर, आणि काय दिसतं ते तू टिपून ठेव. पण गाडीसाठी मला डाग राहणारीच हवी.

ती म्हणाली, "मॅडमना आवडणार नाही."

"नाही आवडणार. म्हणून अशी कर, की पाच मिनिटांत पडणार नाही. हळूहळू चढेल. फिकट असेल तर थोडाच वेळ तापली, गडद असेल तर फार वेळ. माणसाला बघून ठरवता आलं पाहिजे."

तिने डब्यातली एक पट्टी उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, "अवघड आहे."

"मग करत बस."

यावर तू काय म्हणाली असतीस, ते मी तेव्हापासून शोधते आहे. तू आधी भुवया वर केल्या असत्यास, एवढं नक्की. पुढचं वाक्य काही केल्या मला तयार करता येत नाही. तुझी बाजूसुद्धा मीच लढवायची म्हटली तर ती पडते, तुझ्यासारखी मला जमत नाही. हेच खरं गेलंय माझ्या घरातून.

कोपऱ्यातल्या शेवटच्या पट्टीत लाल रंगाची एक कड उरली होती. आमच्या तोंडातून वाफ निघत होती. लताबाई गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या, पट्टीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "आता काढू?"

मी स्वतः वाकून पाहिलं, आणि म्हटलं, "काढा."